वाचकांचा पुरस्कार: चर्चेला पाच तारे, मतपत्रिकेला दोन

मी ज्या ग्रंथालयाचा सभासद आहे, तिथे दरवर्षी वाचक-पसंती पुरस्कार दिला जातो. परीक्षक मंडळ नाही, मान्यवर नाहीत. सभासदांनीच पुस्तकं वाचायची, त्यांवर भांडायचं आणि मत द्यायचं. या उपक्रमात भाग घ्यावा का, असं ओळखीतले काही जण विचारत होते, म्हणून हा अभिप्राय. माझ्या तक्रारींचा रोख कळावा म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. माझा धंदा मुद्रितशोधनाचा. त्यामुळे पानं गाळून वाचणं मला जमत नाही. अर्पणपत्रिका वाचतो, श्रेयपान वाचतो, मलपृष्ठावरची अतिशयोक्तीही वाचतो. दहा पुस्तकांची यादी हातात आली की इतरांना निवड दिसते, मला काम दिसतं.

कार्यक्रमाची रचना सोपी आहे. गेल्या वर्षभरात प्रसिद्ध झालेली पुस्तकं सभासद चिठ्ठ्या टाकून सुचवतात. ग्रंथपाल आणि त्यांचे सहकारी त्यांतून दहा नामांकित पुस्तकं काढतात. मग तीन महिने वाचनाचे, अधूनमधून चर्चेच्या बैठका, आणि शेवटी मतदान. डब्लिन साहित्य पुरस्कारात, जो १९९६ पासून दिला जातो, जगभरातली ग्रंथालयं नावं सुचवतात आणि निर्णय परीक्षकांचा असतो. आमच्याकडे शेवटचा शब्द वाचकांचा. हे मला जास्त पटतं, पण एका अटीवर. ती अट सुदैवाने इथे आहे: दहांपैकी किमान पाच पुस्तकं वाचल्याशिवाय मत देता येत नाही.

सगळा कार्यक्रम या अटीवर उभा आहे. ती ग्रंथालयाने स्वतः शोधलेली नाही. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात १९९४ साली शाळकरी मुलांसाठी ‘सिल्व्हर बर्च’ पुरस्कार सुरू झाला, तिथेही दहांपैकी पाच पुस्तकं वाचलेल्या मुलालाच मत असतं. टेक्ससमधल्या ‘ब्लूबॉनेट’ पुरस्काराची यादी वीस पुस्तकांची, आणि मत द्यायला त्यांतली पाच तरी वाचलेली किंवा ऐकलेली लागतात. मुलं अशी अट मुकाट्याने पाळतात. मोठ्यांना मात्र ती अपमानासारखी लागते. “आम्ही काय परीक्षेला बसलोय का?” हा प्रश्न पहिल्याच बैठकीत आला. ग्रंथपाल शांतपणे म्हणाल्या, “नाही, परीक्षक म्हणून बसलाय.” पुढे कोणी काही बोललं नाही.

अटीचा फायदा असा की आपल्या आवडीचा कोटा दोन-तीन पुस्तकांत संपतो. उरलेली दोन-तीन अशी घ्यावी लागतात, की जी आपण कपाटातून बोटानेसुद्धा काढली नसती. आत्मकथनं मला रुचत नाहीत. यादीत एका डॉक्टरांचं होतं, ते घ्यावं लागलं, आणि त्याच पुस्तकावर सगळ्यात चांगली चर्चा झाली.

चर्चेचे नियम ज्याने कोणी ठरवले, त्याला माणसांची पारख आहे. पहिला नियम: सुरुवात अशा माणसाने करायची ज्याला पुस्तक आवडलेलं नाही. हे ऐकायला खवचट वाटतं, पण यामागचं कारण पक्कं आहे. कौतुकाने सुरुवात झाली की न आवडलेले लोक भिडेखातर गप्प बसतात आणि बैठक सत्कार समारंभ होते. नापसंतीने सुरुवात झाली की आवडलेल्यांना आपलं म्हणणं सिद्ध करावं लागतं. दुसरा नियम: पहिल्या फेरीत ‘आवडलं’, ‘भावलं’, ‘खिळवून ठेवतं’ हे शब्द वर्ज्य. तिसरा: बोलण्याआधी पुस्तकातला एक छोटा उतारा वाचून दाखवायचा.

तिसऱ्या नियमात एक गंमत झाली. कोणी म्हणे पान एकशे बारा, तर शेजारच्याच्या एकशे बाराव्या पानावर भलतंच काही. कारण एकाच्या हातात पुठ्ठा बांधणीची प्रत, दुसऱ्याकडे मोठ्या टायपातली, तिसऱ्याकडे मोबाइलवर ई-पुस्तक, जिथे अक्षर मोठं केलं की पानांचे आकडे बदलतात. चौथ्याने तर ध्वनिपुस्तक ऐकलेलं, त्याला पानच नाही. शेवटी ‘सातवं प्रकरण, पत्र येतं त्याच्या जरा आधी’ अशी खुणावण्याची पद्धत पडली. मला ती पसंत पडली. पान सांगायला फक्त आकडा लागतो, जागा सांगायला पुस्तक आठवावं लागतं.

आता ते डॉक्टरांचं आत्मकथन. रात्रपाळीवर एक लांबलचक प्रकरण आहे, आणि बहुतेकांनी तेच उचलून धरलं होतं. ताण, एकटेपणा, पहाटे घेतलेला निर्णय, वगैरे. गटातल्या एक बाई परिचारिका आहेत. त्या बराच वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “पाळी बदलते तेव्हा आम्ही खाटेखाटेला जाऊन एकेका पेशंटचं सगळं पुढच्या पाळीला सांगतो. पहाटे डॉक्टरांना जे ‘जाणवलं’ असं लिहिलंय, ते त्यांना कोणीतरी सांगितलेलं असणार. अख्ख्या पुस्तकात एका नर्सला नाव नाही.” सगळ्यांनी पानं चाळायला घेतली. खरंच नव्हतं. डॉक्टरांच्या कुत्र्याला मात्र होतं.

गटात एक निवृत्त शल्यचिकित्सकही आहेत. ते म्हणाले, सहकाऱ्यांची नावं खासगीपणासाठी गाळली असतील. बाई म्हणाल्या, “पेशंटची नावं बदलून घातलीच आहेत ना? तशी आमचीही घालायची.” यावर सर हसले आणि म्हणाले की माझ्या मतपत्रिकेतून हे पुस्तक गेलं. मला तसं वाटलं नाही. उलट त्या बैठकीनंतर मी ते प्रकरण पुन्हा वाचलं, आणि नावं नसलेली ती माणसं प्रत्येक प्रसंगाच्या कडेला उभी दिसायला लागली. लेखकाने न लिहिलेलं दुसरं एक पुस्तक त्यात आहे. वर्तमानपत्रातल्या एकाही परीक्षणात मला हा मुद्दा सापडला नाही. तो सापडायला रात्रपाळी केलेला वाचक लागतो, आणि अशा वाचकाला परीक्षण लिहायला सहसा कोणी सांगत नाही.

ध्वनिपुस्तकांवरून बरीच वादावादी झाली. नजर अधू झालेले एक काका सगळी यादी ऐकूनच पूर्ण करतात. ऐकणं म्हणजे वाचणं का, असा आक्षेप एकाने घेतला. काका चिडले नाहीत. त्यांनी एका कादंबरीतल्या खलनायकाचं बोलणं नक्कल करून दाखवलं, आणि ऐकणारे सगळे हसले. वाचणारे मात्र गोंधळले, कारण तो माणूस त्यांना भयंकर वाटला होता. थोड्या चौकशीअंती कळलं, की ज्यांनी ज्यांनी ऐकलं त्यांना तो विनोदी वाटला आणि ज्यांनी वाचलं त्यांना भीतिदायक. निवेदकाने त्याला किंचित अनुनासिक आवाज दिला होता, आणि तेवढ्यावर पात्र पालटलं होतं. म्हणजे दोन गट एकाच नावाच्या दोन वेगळ्या पुस्तकांना मतं देणार होते. ऐकणाऱ्यांना मताचा हक्क आहेच, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मतपत्रिकेवर ‘वाचलं’ आणि ‘ऐकलं’ अशा दोन चौकटी ठेवल्या, तर निकाल वाचायला जास्त मजा येईल.

कथासंग्रहावर वेगळाच प्रश्न. आठ कथा, त्यांतल्या दोन अप्रतिम, चार बऱ्या, दोन कशाला घेतल्या कळत नाही. मत कशाला द्यायचं, शिखराला की सरासरीला? एका तरुण सभासदाने सांगितलं की संग्रहाचा क्रम बघा, दोन्ही चांगल्या कथा मध्यभागी पुरल्यात, म्हणजे स्वतःचं चांगलं कोणतं हे लेखकालाच ठाऊक नाही. मुद्दा बिनतोड होता. क्रम बहुतेकदा संपादकासोबत ठरतो हे मी सांगितलं, पण त्याने फार फरक पडला नाही.

यादीत एका कादंबरी-त्रयीचा दुसरा भाग होता. पहिला वाचल्याशिवाय त्यातलं काही उमगत नाही. असं पुस्तक नामांकनात घेणं म्हणजे वाचकाकडून एका पुस्तकाच्या जागी दोन पुस्तकांचा वेळ घेणं. पुढच्या वर्षी टाळावं.

आता तक्रारी.

पाच पुस्तकं वाचली याचा पुरावा म्हणून प्रत्येकाला एक कार्ड मिळतं आणि पुस्तक परत करताना देवघेव विभागात त्यावर शिक्का बसतो. शिक्क्याने पुस्तक घरी जाऊन आलं एवढंच सिद्ध होतं. सकाळी नेऊन संध्याकाळी चारशे पानी कादंबरी परत करणाऱ्यालाही शिक्का मिळतो. यावर इलाज कडक तपासणीचा नाही, त्याने वातावरण बिघडेल. शिक्क्याशेजारी दोन ओळी लिहायची जागा ठेवली तरी पुरे. न वाचता पुस्तकावर दोन ओळी लिहिणं वाटतं तितकं सोपं नाही. मलपृष्ठावरून उतरवल्या तर लगेच ओळखू येतात, निदान मला.

मोठी तक्रार प्रतींची. जाड ऐतिहासिक कादंबरीच्या प्रती भरपूर घेतल्या होत्या, आणि अनुवादित छोट्या कादंबरीच्या अगदी मोजक्या. याचा मतदानावर काय परिणाम होतो, ते कागदावर मांडून बघा. समजा, पुस्तक दोन आठवड्यांसाठी मिळतं आणि वाचनाची मुदत बारा आठवडे आहे. म्हणजे एक प्रत जास्तीत जास्त सहा वाचकांकडे जाते. ज्या पुस्तकाच्या आठ प्रती आहेत ते ४८ जणांपर्यंत पोचतं, ज्याच्या दोन आहेत ते १२ जणांपर्यंत. आता छोटं पुस्तक वाचणाऱ्या बाराच्या बारा जणांनी त्यालाच मत दिलं, तरी त्याची मतं १२. जाड पुस्तक वाचणाऱ्यांतल्या फक्त चौथ्या हिश्शाने मत दिलं, तरी त्याचीही १२. एकाला वाचणारा प्रत्येक जण भारावला, दुसऱ्याचे चारांतले तीन वाचक निर्विकार राहिले, आणि निकालपत्रावर दोघं बरोबरीत! यावर मुदतवाढ मागणाऱ्यांचा आणि उशिरा परत करणाऱ्यांचा हिशेब धरलेलाच नाही. ई-पुस्तकांतही सुटका नाही. बहुतेक परवाने एका वेळी एकाच वाचकासाठी असतात, तेव्हा तिथेही नंबर लावूनच बसावं लागतं.

भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हे त्यांतले दोन. पहिल्याची काळजी ग्रंथालयं घेतात. दुसरा प्रतींच्या खरेदीपाशी अडतो. नामांकन जाहीर झाल्यावर दहाही पुस्तकांच्या प्रती सारख्या असाव्यात. ते परवडत नसेल तर मतं मोजताना ‘वाचलेल्यांपैकी किती जणांनी पसंत केलं’ हे प्रमाण काढावं. शिक्क्यांची कार्डं ग्रंथालयापाशी असतातच, त्यांचा उपयोग होईल.

मतपत्रिकेला मी दोनच तारे देतोय, त्याला आणखी एक कारण आहे. दहा पुस्तकं, आणि खूण फक्त एका नावासमोर. पाच पुस्तकं मन लावून वाचलेल्या माणसाला त्याचा सगळा विचार एका फुलीत कोंबायला लावणं अन्यायाचं आहे. समजा, १०० मतदार आहेत. ३६ जणांची पहिली पसंती ऐतिहासिक कादंबरी, ३३ जणांची आत्मकथन, ३१ जणांची कथासंग्रह. उरलेल्या ६४ जणांना ती कादंबरी तिन्हींत शेवटची वाटते असं धरा. एका खुणेच्या पद्धतीत कादंबरीच जिंकते, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश मतदारांचं सगळ्यात नावडतं पुस्तक. पसंतीक्रम लिहायची सोय असेल तर सगळ्यात कमी मतं मिळालेला कथासंग्रह बाद होऊन त्याची ३१ मतं दुसऱ्या पसंतीकडे, म्हणजे आत्मकथनाकडे जातात आणि ते ६४ मतांनी जिंकतं. हे कोडं जुनं आहे. फ्रान्समध्ये बोर्दा आणि कोंदोर्से या गणितज्ञांनी अठराव्या शतकात यावर डोकं चालवलं होतं. कोंदोर्सेचा ग्रंथ १७८५ चा.

विज्ञानकथांच्या ह्यूगो पुरस्कारात मतदार पसंतीक्रमच लिहितात. शिवाय तिथे ‘पुरस्कार कुणालाच नको’ असाही एक पर्याय असतो. तो शोभेचा नाही. २०१५ साली एका गटाने संगनमत करून नामांकनांत आपली नावं घुसवली, तेव्हा मतदारांनी पाच विभागांत हा पर्याय निवडून पुरस्कार रिकामा ठेवला. आमच्या ग्रंथालयात इतकं राजकारण नाही. तरीही दहा ओळींच्या खाली अकरावी ओळ असती, तर काही सभासदांनी ती आनंदाने वापरली असती, आणि पुढची यादी करताना कर्मचाऱ्यांना त्यातून काही शिकता आलं असतं.

यंदा जिंकली ती ऐतिहासिक कादंबरीच. वाईट पुस्तक नाही. अभ्यास आहे, संवाद सुटसुटीत आहेत, आणि मुद्रितशोधन उत्तम, हे मी मनापासून म्हणतोय. पण बैठकीत तिच्या बाजूने बोलायला उभं राहिलेल्यांना ‘माहिती खूप मिळाली’ यापलीकडे फारसं सुचलं नाही. छोट्या अनुवादित कादंबरीवर मात्र लोक दाराबाहेर उभे राहूनही बोलत होते. कोणत्या पुस्तकाला किती मतं पडली हे ग्रंथालयाने जाहीर केलं नाही, नुसतं विजेत्याचं नाव फलकावर लावलं. विचारलं तर उत्तर मिळालं, हरलेल्या लेखकांना वाईट वाटू नये म्हणून. लेखकांची एवढी काळजी असेल तर मतपत्रिकेवर अनुवादकाचंही नाव छापा. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ते ठळक आहे, मतपत्रिकेवर नव्हतं. आम्ही जी वाक्यं वाचून दाखवली, ज्यांवर तावातावाने बोललो, ती सगळी त्या बाईंनी लिहिलेली होती. (मुद्रितशोधकाचं नाव छापा असं मी म्हणणार नाही. म्हणावंसं वाटतं, पण म्हणणार नाही.)

दहांची निवड कशी झाली हेही कळायला हवं. चिठ्ठ्यांत आलेली सगळी नावं फलकावर लावली आणि निवडलेल्या दहांबद्दल कर्मचाऱ्यांनी चार-चार ओळी लिहिल्या, तरी भागेल. यंदा दहांत कवितेचं एकही पुस्तक नव्हतं. ते कोणी सुचवलंच नाही, की सुचवूनही गळलं, हे कळायला मार्ग नाही.

तरीही नाव नोंदवा असंच सांगेन. सभासदत्व असलं की वेगळं काही लागत नाही, बैठकीला पुस्तक पूर्ण झालेलंच हवं असाही आग्रह नसतो, आणि अर्धवट वाचून येणाऱ्यांचे प्रश्न पुष्कळदा जास्त टोकदार असतात. ‘इथवर आलो आणि सोडलं’ असं सांगणाऱ्या एका गृहस्थांनी ज्या प्रकरणावर बोट ठेवलं, तिथेच आणखी चौघं अडखळले होते. संपादकाला अशी माहिती कुठे मिळते?

पुढच्या यादीसाठी व्यवहाराचं एवढंच: यादी लागली त्याच दिवशी सगळ्यात कमी प्रती असलेल्या पुस्तकांना नंबर लावा, नाहीतर मतदान उरकल्यावर ती हाती येतात. ज्या पुस्तकावर चर्चा आहे ते बैठकीच्या आदल्या आठवड्यात वाचा, महिनाभर आधी नको. त्रयीतला मधला भाग दिसला तर पहिला आधी नेऊन ठेवा. आणि सगळ्यात जाड पुस्तकाची घाई करू नका. अर्ध्यात सोडलेल्या प्रती दुसऱ्या महिन्यातच परत यायला लागतात.